'मॅडम, मला चढतच नाही' : नाशिकच्या रासेयो कार्यक्रम अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी,
नाशिक शहर व जिल्ह्यातील सर्व महाविद्यालये

विषय : व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांत दारू आणि स्मरणशक्ती यांविषयी काय सांगावे याबाबत

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की तुमच्या टेबलावर दोन फायली येतात. एक सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिराची, दुसरी ३१ डिसेंबरच्या व्यसनमुक्ती कार्यक्रमाची. रॅली, शपथ, 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत दूधवाटप, पथनाट्य, पाहुण्यांचं भाषण, जिओटॅग केलेले फोटो आणि शेवटी अहवाल. मी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते, त्यामुळे पाहुण्यांच्या त्या खुर्चीत अधूनमधून मलाही बसवलं जातं. तुम्ही कार्यक्रम करता याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या दट्ट्यामुळे असो की मनापासून, नाशिकमध्ये कॉलेजच्या पोरांशी दारूविषयी कोणी बोलत असेल तर ते तुम्हीच. घरात यावर एकतर आरडाओरडा होतो, नाहीतर काहीच होत नाही. तक्रार आहे ती मंचावरून जे सांगितलं जातं त्याबद्दल.

पथनाट्यातला दारुडा डोळ्यांसमोर आणा. शर्टाची एक बाही वर, एक खाली. तोंडाला काजळाची दाढी. हातात पाण्याची बाटली, तिला कागद गुंडाळून 'दारू' असं स्केचपेनने लिहिलेलं. तो झोकांड्या खातो, विजेच्या खांबाला 'काय भाऊ' म्हणतो, पोरं खिदळतात. मग बायको रडते, पोरगी वही-पेन मागते, कोणीतरी डफावर थाप मारतं. नंतर पाहुणे काळवंडलेल्या यकृताचा फोटो दाखवतात. समोर बसलेला एफवाय-एसवायचा पोरगा हे सगळं बघून मनात हिशेब मांडतो: मी झोकांड्या खात नाही, मला बायको नाही, यकृताला अजून तीस वर्षं आहेत. म्हणजे हे माझ्याबद्दल नाही.

आणि मग मागच्या रांगेतून हमखास येणारा प्रश्न येतो. "मॅडम, मला चढतच नाही. मग?" त्यावर हशा. प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान असतो, मित्रांनी पाठीवर थाप मारलेली असते. बहुतेक पाहुणे त्याला 'बस खाली' म्हणून मोकळे होतात. मला वाटतं, त्या दोन तासांत विचारला गेलेला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच असतो, आणि त्याचं उत्तर देण्याएवढं शास्त्र आज हाताशी आहे. ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

थोडक्यात सांगायचं तर, 'चढणं' आणि 'आठवण बिघडणं' या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक झाली नाही म्हणून दुसरी झाली नसेल असं नाही. आणि या दोहोंमधलं अंतर सोळाव्या, तिसाव्या आणि सत्तराव्या वर्षी सारखं राहत नाही.

आधी आठवणीबद्दल. आठवण म्हटलं की पोरांना परीक्षा आठवते. मला इथे वाटेची आठवण म्हणायची आहे. रविवार कारंजाकडून सराफ बाजारात शिरून गोदाघाटाकडे उतरताना कुठल्या बोळातून वळायचं, हे जुन्या नाशिकच्या माणसाला फोनवरचा नकाशा सांगत नाही. ते त्याच्या मेंदूच्या आत, कानाच्या पातळीवर दोन्ही बाजूंना खोल असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात कोरलेलं असतं. जॉन ओ'कीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी दाखवल्या की उंदीर पिंजऱ्यातल्या ठरावीक जागी आला की त्यातली ठरावीक पेशी जागी व्हायची. २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्याच भागात जागेचं जाळं आखणाऱ्या पेशी शोधल्या. २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. वाटेबरोबरच 'काल काय घडलं' हेही बऱ्याच अंशी याच भागाच्या भरवशावर टिकतं. दारूचं पाणी नेमकं इथे मुरतं.

हे मोजायचं कसं? त्यासाठी ब्रिटनमधल्या रिचर्ड मॉरिस यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधी युक्ती काढली. एक मोठा गोल हौद, त्यात पाणी. पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरासं खाली एक छोटा चौथरा, पण तो दिसता कामा नये, म्हणून पाणी पांढरं करायचं. कशाने? सुरुवातीला दुधानेच. (तुमच्या ३१ डिसेंबरच्या दुधाचा असाही एक उपयोग आहे.) उंदराला हौदात सोडलं की तो आधी कडेकडेने वेड्यासारखा पोहतो. मग कधीतरी अचानक पाय टेकतात. रोज सोडत गेलं की भिंतीवरच्या खुणा बघून तो जागा ध्यानात धरतो आणि काही दिवसांनी, कुठूनही सोडला तरी सरळ चौथऱ्याकडे जातो. शेवटी संशोधक चौथरा काढूनच घेतात आणि बघतात की तो नसलेल्या चौथऱ्याच्या जागी किती वेळ घुटमळतो. जागा आठवत असेल तर तिथेच घिरट्या घालतो. आठवत नसेल तर हौदभर फिरतो. आणखी एक खबरदारी घेतात: चौथरा पाण्यावर दिसेल असा ठेवून बघतात. तिथे उंदीर नीट पोचला तर त्याला पोहता येतंय, दिसतंय, फक्त आठवत नाहीये, हे वेगळं काढता येतं.

आता या हौदात दारू आणू.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात स्कॉट स्वार्ट्झवेल्डर यांच्या गटाने १९९० च्या दशकात उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या पातळ कापलेल्या ताज्या चकत्यांवर काम केलं. दोन पेशींमधला जोड वारंवार वापरला की तो पक्का होतो. आठवण साठण्याचा हा पेशींच्या पातळीवरचा पाया मानला जातो. अल्कोहोलने ही पक्की होण्याची क्रिया कोवळ्या मेंदूच्या चकतीत प्रौढ मेंदूपेक्षा जास्त अडवली. मग १९९८ मध्ये त्यांनी साधारण महिन्याच्या, म्हणजे उंदरांच्या हिशेबाने वयात येणाऱ्या, आणि पूर्ण वाढलेल्या उंदरांना अल्कोहोल देऊन हौदात शिकवलं. ज्या मात्रेने कोवळ्यांचं शिकणं बिघडलं, त्याच मात्रेने मोठ्यांचं तेवढं बिघडलं नाही.

त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये लिंडा स्पिअर यांच्या प्रयोगशाळेने दुसरी बाजू दाखवली. झोपवण्याइतकं अल्कोहोल दिलं तर कोवळे उंदीर मोठ्यांपेक्षा लवकर उठून उभे राहतात. आणि ते उठतात त्या क्षणी त्यांच्या रक्तात मोठ्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असतं. म्हणजे शरीराने ते लवकर बाहेर टाकलेलं नसतं. मेंदू त्या गुंगीला कमी दाद देतो, एवढंच.

हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवा आणि मागच्या रांगेतल्या पोराचा प्रश्न पुन्हा वाचा.

आपण गोदावरीचा पूर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून जोखतो. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. समजा उद्या कोणी तो मारुती उचलून दहा फुटी चौथऱ्यावर बसवला, तर दुकानांत पाणी शिरलेलं असेल आणि मारुतीचे पाय कोरडेच दिसतील. उंदरांवरून पाहता, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराची 'चढण्याची' खूण अशी उंच बसवलेली असते. झोकांडी, डोळे मिटणं, जीभ जड होणं हे त्याला उशिरा होतं, म्हणून तो थांबत नाही, आणि पोटात अजून ओततो.

माणसांवर असे प्रयोग कमी झाले, कारण अल्पवयीनांना प्रयोगशाळेत दारू पाजता येत नाही, आणि येऊही नये. पण ड्यूकमध्येच १९९८ मध्ये २१ ते २४ आणि २५ ते २९ अशा दोन वयोगटांतल्या लोकांना अल्कोहोल देऊन शब्द आणि आकृत्या लक्षात ठेवायला सांगितलं होतं. धाकट्या गटाची आठवण जास्त घसरली. आपल्याकडे कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे हे ऐकून पोरं हसतात, 'मतदान अठराला आणि पेग पंचविसाला' म्हणून मीम फिरवतात. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात हिप्पोकॅम्पस होता असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण तो आकडा वाटतो तेवढा वेडगळ नाही.

यानंतरचा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो आणि आपल्या भाषणांत त्याचा उल्लेखही नसतो. तो म्हणजे न्यूरोस्टेरॉइड. स्टेरॉइड म्हटलं की गंगापूर रोडवरच्या जिममधली इंजेक्शनं आठवतात, त्यांचा इथे संबंध नाही. मेंदू स्वतःच्या वापरासाठी स्वतःच काही स्टेरॉइड तयार करतो, हे फ्रान्सच्या एतिएन-एमिल बोलियू यांनी १९८० च्या सुमारास दाखवलं आणि नावही त्यांनीच दिलं. त्यातलं एक ॲलोप्रेग्नॅनोलोन. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकापासून दोन पायऱ्यांत तयार होतं, आणि पेशींना शांत करणाऱ्या गाबा रिसेप्टरवर (गाबा हे मेंदूतलं रसायन, रिसेप्टर म्हणजे ते पकडणारी पेशीवरची जागा) जाऊन बसतं. त्या रिसेप्टरचं काम ते वाढवतं. झोपेच्या गोळ्याही याच रिसेप्टरवर काम करतात, आणि दारूही त्याला हात लावते. या स्टेरॉइडच्या अंगी किती ताकद आहे याचा पुरावा हवा असेल तर बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ब्रेक्सानोलोन हे औषध म्हणजे शिरेतून दिलेलं ॲलोप्रेग्नॅनोलोनच आहे. ते देताना बाईला गुंगी येऊन शुद्ध हरपू शकायची, म्हणून देखरेखीखालीच द्यावं लागायचं.

आता दुवा जोडू. उंदरांना अल्कोहोल दिलं की त्यांच्या मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोन वाढतं. माणसांत चित्र एकसारखं नाही. २००३-०४ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दारूच्या अमलाखाली रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या किशोरवयीन मुलींचं, नंतर मुलांचं रक्त तपासलं. दोघांतही ॲलोप्रेग्नॅनोलोन चढलेलं सापडलं. उलट निरोगी प्रौढांना बेताची दारू देऊन तपासलं तेव्हा ते वाढलं नाही. हा फरक वयाचा की मात्रेचा, हे यावरून वेगळं करता येत नाही. तातडीच्या विभागात येणारी मुलं बेताचं पिऊन येत नाहीत. पण मुली त्यात होत्या, हे ध्यानात घ्या. तुमच्या पथनाट्यात मुलगी फक्त रडायला असते.

२०११ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात चार्ल्स झोरुम्स्की आणि युकितोशी इझुमी यांच्या गटाने आणखी आत जाऊन पाहिलं. उंदराच्या हिप्पोकॅम्पसवर भरपूर अल्कोहोल सोडलं तर पेशी मरत नाहीत, ठप्पही होत नाहीत. एकमेकींशी बोलणं चालूच राहतं. फक्त नवा जोड पक्का होत नाही. आणि त्यामागे पेशींनी स्वतःच घाईघाईने बनवलेलं न्यूरोस्टेरॉइड असतं. ते बनण्याची पायरी फिनास्टेराइडसारख्या औषधाने अडवली, तर अल्कोहोल असूनही जोड पक्का झाला. (फिनास्टेराइड म्हणजे केस गळू नयेत म्हणून घेतात तेच. एखादा हुशार विद्यार्थी लगेच विचारेल, 'मग गोळी घेऊन प्यायलं तर?' त्याला सांगा, हे उंदराच्या मेंदूच्या चकतीत झालं. चकतीला यकृत नसतं आणि चकती मोटारसायकल चालवत नाही.)

ब्लॅकआउट म्हणजे काय ते इथे उलगडतं. बेशुद्ध पडणं वेगळं. ब्लॅकआउटमध्ये माणूस चालतो, बोलतो, बिल देतो, गाडीला किल्ली लावतो, आणि सकाळी त्याच्यापाशी त्या तासांची नोंदच नसते. पुसली गेलेली नसते, मुळात झालेलीच नसते. रक्तातलं अल्कोहोल झपाट्याने वर गेलं की हे होतं: उपाशीपोटी, गडबडीत, एका दमात. आपली पोरं पितात ती नेमकी अशीच. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला संध्याकाळी गाड्या लावायच्या, अंधार पडायच्या आत संपवायचं, हॉस्टेलचं गेट बंद व्हायच्या आत परत यायचं. परतीच्या रस्त्यावर जो 'मी ठीक आहे, मीच चालवतो' म्हणतो त्याच्या बोलण्यात तोतरेपणा नसतो. त्याला वळण कुठलं ते आठवत असेल, कारण ती जुनी आठवण आहे. पण आत्ता मागून हॉर्न दिलेला ट्रक त्याच्या डोक्यात काही मिनिटांपलीकडे टिकत नाही.

इथवर वाचून तुम्ही 'कोवळ्या मेंदूला दारूचा जास्त धोका, सिद्ध झालंय' असा फ्लेक्स छापायला टाकाल, म्हणून पुढचं मुद्दाम सांगते. ते तसं सरळ सिद्ध झालेलं नाही. २०११ मध्येच टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात डग्लस मॅथ्यूज यांच्या गटाने हाच हौद, हीच दोन वयं घेऊन वेगळा प्रश्न विचारला. उंदरांना आधी सहा दिवस शुद्धीवर शिकवलं. सातव्या दिवशी काहींना अल्कोहोल दिलं, काहींना थेट ॲलोप्रेग्नॅनोलोन. जास्त मात्रेला दोन्हींनी आठवण बिघडवली, पण कोवळे आणि मोठे यांच्यात फरक पडला नाही. दोघं सारखेच चुकले. शिकताना दारू पोटात असणं आणि शिकून झाल्यावर दारू पोटात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात असं यातून दिसतं. शिवाय उंदराला पाण्यात टाकलं की त्याला ताण येतो, अन्नासाठी शोधायला लावलं की तो कमी असतो, आणि त्यानेही निकाल बदलतात. प्रयोगशाळांचं यावर अजून एकमत नाही.

हे पोरांना सांगितलं तर मुद्दा लुळा पडेल असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. माझा अनुभव उलटा आहे. मंचावरून सगळं ठाम सांगणाऱ्यावर या पिढीचा विश्वास बसत नाही. ती खिशातून फोन काढून तपासते. 'इथे मतभेद आहेत, इथे नाहीत' असं सांगणाऱ्याचं ती ऐकून घेते. आणि मतभेद असले तरी मागच्या रांगेतल्या पोराच्या हाती काही लागत नाही. बेलरचे कोवळे उंदीर मोठ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत, बरोबरीने चुकले. 'मला चढत नाही म्हणून मला काही होत नाही' याला आधार त्यातूनही मिळत नाही.

वय बदललं की हेच रसायन किती वेगळं वागतं याचं आणखी एक उदाहरण. न्यूयॉर्कच्या शेरिल स्मिथ यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की वयात येताना उंदरांच्या माद्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये एका खास जातीचे गाबा रिसेप्टर वाढतात आणि तेवढ्या काळात जागा शिकणं मंदावतं. त्या वेळी ॲलोप्रेग्नॅनोलोन दिलं तर शिकणं सुधारलं! मोठेपणी जे आठवण अंधुक करतं, त्याने त्या चिमुकल्या खिडकीत मदत केली. म्हणून 'दारू शेवटी शांतच करते ना' छापाची सरसकट वाक्यं टाळा. कोणत्या वयात, कोणत्या रिसेप्टरवर, हे पाहिल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

आता दुसरं टोक. तुमच्या कार्यक्रमांत म्हातारी माणसं कधीच नसतात. ती फक्त शिबिराच्या उद्घाटनाला, पहिल्या रांगेत.

आमच्या नात्यातले एक काका, सत्तरी ओलांडलेले, निवृत्त, काटेकोर. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या आदल्या रात्री, हळदीला, लॉन्सच्या मागच्या बाजूला गच्चीवर बसून दोन पेग घेतले. तीस वर्षं दोनच घेतात, तिसरा कधी नाही. पाय स्थिर, बोलणं नेहमीसारखं. गाडीत राहिलेली साडीची पिशवी आणायला म्हणून पार्किंगमध्ये गेले ते परत येईनात. पुतण्या बघायला गेला तर काका किल्लीचं बटण दाबत रांगांतून फिरत होते, कुठली गाडी डोळा मारते ते बघत. दोन तासांपूर्वी स्वतःच लावलेली गाडी कोणत्या बाजूला आहे याचा पत्ता नव्हता. घरच्यांनी निदान केलं, 'वय झालं आता'. काकूंनी दुसऱ्या दिवशी बदाम भिजत घातले. पेगचा विषय कोणीच काढला नाही, कारण ते 'चढलेले' नव्हते आणि पेग 'नेहमीचेच दोन' होते.

नेहमीचे दोन पेग सत्तरीत नेहमीचे राहत नाहीत. वय वाढतं तसं शरीरातलं पाणी कमी होतं, तेवढीच दारू कमी पाण्यात मिसळते आणि रक्तातली पातळी वर जाते. रात्री झोप लागत नाही म्हणून घेतलेली अल्प्राझोलामची गोळी असेल तर तीही त्याच गाबा रिसेप्टरवर. बेलरच्याच गटाने २०१३ मध्ये म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांची तुलना केली, तेव्हा एकाच मात्रेने म्हाताऱ्यांचा तोल आणि जागेची आठवण दोन्ही जास्त बिघडले. न्यूरोस्टेरॉइडचा साठाही वयानुसार बदलतो. १९९७ मध्ये बोलियू आणि बोर्दोच्या संशोधकांनी म्हाताऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये प्रेग्नेनोलोन सल्फेट नावाचं, गाबाच्या उलट दिशेने खेचणारं, स्टेरॉइड मोजलं. ज्यांच्यात ते कमी होतं ते हौदात जास्त चाचपडत होते, आणि ते टोचल्यावर त्यांची कामगिरी काही काळ सुधारली. म्हातारपणी एकीकडे स्वतःची रसद आटलेली असू शकते, त्यावर दारू. तरुणाची खूण उंच बसवलेली असते, तर म्हाताऱ्याच्या बाबतीत घरच्यांनी चुकीच्या खुणेला वयाचं नाव दिलेलं असतं.

मग तुम्ही काय करावं? पथनाट्य बंद करा असं मी म्हणणार नाही, पण झोकांडी खाणारा काढा. त्याऐवजी असा पोरगा दाखवा जो नीट उभा आहे, विनोद करतो आहे, मित्राच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतो आहे, आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याला विचारतात, 'रात्री तू आईला फोनवर काय बोललास आठवतंय?' तो हसतो, आणि मग हळूहळू हसणं थांबवतो. एवढं नाटक पुरे. कॉलेजच्या पोरांना नाटक लिहायला आपण शिकवायची गरज नाही. त्यांना खरी गोष्ट सांगितली की ती आपोआप लिहितील.

प्रश्नावली घेता तेव्हा 'तुम्ही पिता का' हा प्रश्न वाया जातो, सगळे 'नाही' लिहितात. 'प्यायल्यानंतरची रात्र नंतर आठवली नाही असं ओळखीच्या कोणाचं झालं आहे का' असा विचारा. मित्राच्या नावाने पोरं खरं लिहितात.

मोजमापाबद्दलही बोला, कारण नाशिकमध्ये ही एक खास गैरसमजूत आहे. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवण्याचा निर्णय गाजला तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य इथल्या पोरांच्या तोंडी बसलं. द्राक्ष बागायतदारांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, दिंडोरी-निफाडची बरीच पोरं त्याच पैशावर शिकतात, आणि मी वायनरींच्या विरोधात पत्र लिहीत नाही. पण हिप्पोकॅम्पसला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. १३ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिलीच्या ग्लासात १५ ग्रॅम. आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणारा पोरगा हे फळ्यावर मांडल्यावर गप्प होतो. हा गुणाकार त्यांच्याकडूनच करून घ्या: मिली गुणिले टक्के गुणिले ०.७८९. विज्ञान शाखेचा विद्यार्थी लागत नाही.

शिबिराचं दत्तक गाव असेल तिथे एक संध्याकाळ पारावरच्या म्हाताऱ्यांबरोबर घालवा. व्याख्यान नको, गप्पा. कोण किती वर्षं घेतं, झोपेची गोळी कोण घेतं, हल्ली मळ्याची वाट चुकली असं कोणाचं झालं का. गोळी आणि पेग एकत्र घेऊ नये एवढी एक गोष्ट त्या संध्याकाळी त्यांच्या कानावर गेली तरी शिबिराचं सार्थक. दारू रोजची असेल तर एकाएकी बंद करायला मात्र सांगू नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय अचानक सोडली तर झटके येऊ शकतात. हे आपल्या 'आजच सोडा' शपथेत कधीच नसतं.

आणि एक गोष्ट प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असू द्या. मित्र भरपूर प्यायला असेल आणि नीट बोलत असेल, तरी त्याला एकटा सोडायचा नाही, गाडी द्यायची नाही. झोपला तर कुशीवर झोपवायचा, पाठीवर नाही. हलवून उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, तर 'उतरेल' म्हणून वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. हॉस्टेलच्या रेक्टरची भीती असते म्हणून पोरं फोन करत नाहीत. तेव्हा 'फोन करणाऱ्यावर कारवाई होणार नाही' हे प्राचार्यांच्या सहीने नोटीस बोर्डावर लावून घ्या. हे तुमच्याच हातात आहे, पाहुण्यांच्या नाही. सोडायला मदत हवी असेल त्याच्यासाठी १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांकही त्याच नोटिशीत टाका.

यंदा ३१ डिसेंबरच्या आधी, ज्या कॉलेजांना हवं असेल त्यांच्या रासेयो स्वयंसेवकांचं एक सत्र मी घ्यायला तयार आहे. प्रोजेक्टर नसला तरी चालेल, फळा आणि खडू लागेल. मुलं-मुली दोन्ही असावीत आणि दीडशेच्या वर नकोत. शाल, नारळ, परिचय, दीपप्रज्वलन यांत जाणारी ती चाळीस मिनिटं कृपया मागच्या रांगेच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा.

कळावे,
आपली,
औषधनिर्माणशास्त्राची एक प्राध्यापिका, नाशिक